लिटरभर दूध

पहिले तीन दिवस धरतच नाहीत.
म्हणजे छातीत कळ आली तो सोमवार,
मंगळवारची ॲम्ब्युलन्स,
आणि बुधवार, ज्यातलं मला काहीच आठवत नाही,
हे तिन्ही कंपनीच्या वहीत कोरे.
गुरुवारपासून मी रीतसर आजारी.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं : कामास असमर्थ.
त्या कागदाला इथे फिट नोट म्हणतात.
नोरीन हसली. मीही हसणार होतो,
पण हसायलाही दम लागतो
हे तेव्हा नवीन होतं.

मग गॅसच्या बिलाचं पाकीट उलटं करून
तिनं मधोमध रेघ ओढली.
डावीकडे कंपनीचा आजारपगार,
आठवड्याला एकशे अठरा पौंड आणि वर चिल्लर,
अठ्ठावीस आठवडे.
एकोणतिसाव्या आठवड्यात माणूस बरा होतो
असं कुणीतरी ठरवलेलं दिसतं.

उजवीकडे सरकारी भत्ता : ब्याण्णव,
तोही मी विम्याचे हप्ते चुकवले नाहीत म्हणून.
दोन्ही एकदम मिळत नाहीत.
डावीकडचं तळाला गेलं की कंपनीकडून फॉर्म घ्यायचा,
'आमच्याकडचं संपलं' अशा अर्थाचा,
आणि उजवीकडच्या दारात उभं राहायचं.

त्याखाली, फिकट, आणखी एक भत्ता :
आधी पाच आठवडे वाट पाहायची,
आणि नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात
जो जो पौंड मिळवते
त्यामागे पंचावन्न पेन्स तिकडून कापून घ्यायचे.
"म्हणजे मी बटाटे कमी सोलू?"
पेन्सिलीला टोक नव्हतं. प्रश्नाला होतं.

कोस्तेल येऊन गेला, एजन्सीतर्फे रात्रपाळी करतो तो.
त्याची कमाई इतकी तुटपुंजी
की त्याचा डावा रकाना सुरूच होत नाही.
अंगात ताप घेऊन क्रेट ओढतोय पोरगा.
आमचं पाकीट बघून म्हणाला, "बरं आहे की!"
आणि खरंच तसंच म्हणायचं होतं त्याला.

सव्विसाव्या आठवड्यात फोन आला.
मुलगी चांगली होती, हे सांगायला हवं.
मध्ये मध्ये थांबत होती, मला श्वास घेऊ देत होती.
पन्नास मीटर चालता का? मध्ये कितीदा थांबता?
कोटाच्या वरच्या खिशात काही ठेवायला
हात तेवढा उचलता येतो का?
येतो, म्हटलं.
खिशात काय ठेवायचं ते तिच्या यादीत नव्हतं.

"आणि समजा, लिटरभर दुधाचं खोकं.
उचलून बाजूला ठेवता येईल?"

खोकं टेबलावरच होतं,
आमच्याच डेअरीचं, निळ्या गाईचं.
बावीस वर्षं, पहाटे साडेतीनपासून,
ईडनच्या काठावर धुकं असो की पूर,
क्रेटवर क्रेट, छातीइतकी थप्पी.
कार्लाइलमधल्या निम्म्या पोरांची हाडं
माझ्या हातांखालून गेलीत, बाई.
आणि तू मला विचारतेस.

नोरीन मान हलवत होती, नाही, नाही म्हण.
दुपारी तिनंच तर ते खोकं फ्रीजमधून काढलं होतं,
सकाळी मी ओट्याला धरून बसलो होतो म्हणून.

"हो," मी म्हणालो. "उचलीन की."

पलीकडे कळा वाजल्या. दोन-तीनच.
एवढं छोटं असतं ते.

नोरीननं पेन्सिल पाकिटावर आडवी ठेवली.
भांडली असती तर बरं झालं असतं.
खोक्यावरची तारीख वाचली मी :
दूध चांगलं राहणार होतं अजून नऊ दिवस.
मग तिनं चहा केला,
दोन्ही कपांत दूध
तिनंच ओतलं.